पसाभर कण्या आणि शिक्रा

पेणच्या रामवाडीत, जेथे एका अंगाला एस.टी. स्थानकाची आणि महामार्गाची घरघर अहोरात्र चालू असते, तेथे आमच्या परसात एक आंबा, एक शेवगा आणि कुंपणालगतच्या जास्वंदी एवढाच काय तो वृक्षसंभार. परंतु गेल्या हिवाळ्यात एका शिक्र्याने या परसावर आपला अंमल बसविला आणि त्याची छायाचित्रे टिपण्याचा छंद पेन्शनीत निघालेल्या मला जडला. शिक्रा कावळ्याहून लहान. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, नराचा डोळा लाल. आणि आंब्याच्या आतल्या फांदीवर तो असा निश्चल बसतो की, त्याच्या आगमनाची वर्दी आपल्याला खारीच्या चिरचिराटावरूनच मिळावी. पावशाने तर या दरोडेखोराचे सोंग इतके हुबेहूब उचलले आहे की, सातभाईंच्या घरट्यात परभारे अंडे घालणाऱ्या त्या लबाडाला शिक्रा समजून मी एक अख्खी सकाळ वाया घालविली आहे.

सरडा, उंदीर, खार, चिमणी, यांपैकी काहीही त्याला चालते. एके दिवशी त्याने बुलबुल उचलला, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला चांगलेच फैलावर घेतले : ‘‘अहो, पाखरू ओरडत होतं आणि तुम्ही फोटो काढत बसलात?’’ त्यांच्या करुणेविषयी मला आदर आहे. तथापि शिक्र्याच्या तोंडचा घास काढून घेण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे मला उमगत नाही. बुलबुलाची फिर्याद ऐकावयाची, तर बुलबुलाने खाल्लेल्या किड्यांचीही ऐकावी लागेल.

माझी हरकत निराळ्या ठिकाणी आहे. सेकंदाच्या १/२००० भागात झडपेचा क्षण पकडणारे कॅमेरे हाती आल्यापासून, दिवसच्या दिवस वाट पाहण्याचे कष्ट सगळ्यांनाच नकोसे झाले आहेत. मग उंदीर दोरीने बांधून ठेवावा, पक्ष्याची साद मोबाइलवर वाजवून त्याला भुलवावे, घरटे नीट दिसावे म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या छाटाव्या, आणि परस आपला, सातबारा आपल्या नावाचा, तेव्हा यात कोणाच्या बापाचे काय जाते असेही वर म्हणावे! वस्तुतः १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत केवळ मारणे वा पकडणे नव्हे, तर वन्य प्राण्याला आमिष दाखविणे आणि पक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. बंदुकीला हात न लावणारा हा गृहस्थ, हातात कॅमेरा असूनही, त्या व्याख्येच्या हद्दीत शिकारीच ठरण्याचा संभव आहे.

आणि हा छंद नवा तरी कुठे आहे? बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांत श्येनविनोदाला, म्हणजे शिकारी पक्ष्यांकरवी पाखरे धरविण्याच्या करमणुकीला, स्थान दिले; पुढे मुसलमानी अमदानीत बाजदारांनी ‘शिकार’ या फारसी शब्दाशी नाते सांगणारे ‘शिक्रा’ हे नाव रूढ केले, नराला ‘चिपका’ म्हटले, आणि माणसाळविण्यास सोपा म्हणून या बिचाऱ्याला मौल्यवान ससाण्यांच्या खुराकासाठी पाखरे धरण्याच्या चाकरीला जुंपले. त्या बाजदाराने निदान आपल्या हौसेला निसर्गप्रेम असे नाव दिले नव्हते. याच जिल्ह्यात, किहीमला, १९३० च्या सुमारास सालिम अलींनी सुगरणींच्या वसाहतीसमोर तासन्‌तास बसून पाहिले की, नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पारखून पत्करते, आणि तिचा संसार थाटून होताच नर दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. घाईने कोणाला हे दिसले असते?

इतके लिहून झाल्यावर एक कबुली देणे प्राप्त आहे. चिमण्यांसाठी मी रोज पसाभर कण्या आणि पाण्याची परळ परसाच्या ऐन मध्यावर, उघड्यावर, मांडीत असे. प्रकाश तेथे उत्तम आणि पार्श्वभूमी स्वच्छ. शिक्रा आंब्यावर का येऊन बसतो, याचा उलगडा मला काकूंच्या फैरीनंतर चार दिवसांनी झाला. दोरीने बांधलेल्या उंदराविषयी मी एवढा तावातावाने बोलतो, पण माझ्या कण्यांना दोरी नव्हती, इतकाच काय तो फरक. दाणे बंद करावे, असे क्षणभर मनात आले. पण चिमण्यांना सवय मी लावली होती, त्यांना उपाशी ठेवून माझे हात धुतले जाणे शक्य नव्हते. म्हणून परळ आणि कण्या मी कुंपणालगत, जास्वंदीच्या दाट जाळीपाशी नेऊन ठेविल्या, जेथे झडप पडताच चिमणीला दोन उड्यांत आत शिरता येते.

शिक्रा अजून येतो, पुष्कळदा रिकाम्या पंजांनी परततो, आणि माझ्या छायाचित्रांत हल्ली जास्वंदीची पानेच अधिक येतात.