थंडीत गाडीत झोपणाऱ्यांसाठी गॅस बरा की डिझेल?

मालेगावचे ग्रे कापड पाली, बालोतरा, अहमदाबादला जाते हे सर्वांना ठाऊक आहे. काही माल त्याहून पुढे, दिल्ली आणि पंजाबपर्यंतही जातो. टाके मोजून, बिल्टी करून, ताडपत्री बांधून ट्रक मुंबई-आग्रा रस्त्याला लागला की आपण व्यापारी मोकळे होतो. गाडीतली दोन माणसे पुढच्या चार-पाच रात्री कुठे आणि कशी झोपतात, याचा विचार आपल्या हिशेबात कुठेच नसतो. माझ्याही नव्हता.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत माझा माल अमृतसरला निघाला होता. अंबाल्याच्या पुढे धुके इतके दाटले की गाड्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. ड्रायव्हर आणि क्लिनर यांनी ढाब्यावरून निखाऱ्यांची शेगडी केबिनमध्ये घेतली, काचा चढवल्या आणि झोपले. पहाटे ढाब्यावरच्या पोराने काचेवर थाप मारली तेव्हा क्लिनर ओकत होता आणि ड्रायव्हर बेशुद्ध होता. दोन दिवस इस्पितळात काढून दोघे वाचले, अल्लाहचे उपकार. मला फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "माल सुखरूप आहे ना?" हे लिहिताना आजही लाज वाटते. पण लिहिले पाहिजे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हेच विचारले असते.

तेव्हापासून मी या विषयाची चौकशी करीत आलो. उभ्या गाडीत ऊब हवी असेल तर मार्ग कोणते आणि त्यांतला शहाणपणाचा कोणता?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरॅव्हॅन म्हणजे आपलाच कारवाँ, फारसीतून युरोपात गेला आणि बिछाना-स्वयंपाकघर लावून परत आला. पूर्वी कारवाँ मुक्कामाला थांबायचा तेव्हा सराय होती, आज ट्रकवाल्याची केबिन हीच सराय. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चांगली गोष्ट आहे. पण ते इंजिन चालू असेपर्यंत. बंद गाडीतल्या थंडीचे उत्तर त्यात नाही, आणि रात्रभर इंजिन चालू ठेवावे तर मोठे इंजिन उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर डिझेल पिते. आठ तासांचे किमान सोळा लिटर. डिझेल ९० रुपये धरले तर चौदाशे चाळीस रुपये एका झोपेचे. कोणता मालक देईल?

युरोपातल्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅसवर चालणारा हीटर जास्त दिसतो, म्हणून आपल्याकडेही काही लोक गॅसच चांगला असे सांगतात. पण तिथे गॅस का, हे समजून घ्यावे. तिथला कॅरॅव्हॅन बहुधा मोटारीच्या मागे ओढायचा डबा असतो. त्याला स्वतःचे इंजिन नाही, इंधनाची टाकीही नाही, म्हणून गॅसची बाटली सोबत ठेवावी लागते. शिवाय तिथे हिवाळ्यासाठी प्रोपेन मिळतो, जो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनचा भाग जास्त, आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचा थांबतो. त्यातच गॅस वापरला जातो तशी टाकी आणखी गार पडते. म्हणजे पंजाब-काश्मीरच्या ज्या रात्री ऊब सर्वात जास्त हवी, त्याच रात्री ज्योत बसते. थंडीच्या पहाटे टाकी गरम पाण्यात ठेवणारा चहावाला ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

किमतीचा हिशेब मात्र गॅसच्या बाजूने आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एक किलो गॅसमध्ये सुमारे पावणेतेरा युनिट उष्णता असते, एक लिटर डिझेलमध्ये दहा. केबिन एकदा तापली की लहान डिझेल हीटर मंद चालतो आणि आठ तासांत सव्वा लिटरच्या आसपास जाळतो, म्हणजे एकशे दहा-पंधरा रुपये. तेवढ्याच उबेला गॅस एक किलोच्या आत पुरतो. १९ किलोच्या व्यापारी टाकीचा भाव १७०० रुपये धरा, तर तो नव्वदीच्या आत येतो. गॅसला आवाज कमी, वास नाही, बॅटरीवर भारही थोडा. पंचवीस-तीस रुपयांचा फायदा आहे.

पण हा फायदा घ्यायला टाकी कुठे ठेवणार? केबिनमध्ये पायाशी, की मागे कापडाच्या टाक्यांना लागून? गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, झोपलेल्या माणसाच्या पातळीवरच साचतो. टाकी उभीच राहिली पाहिजे. आडवी पडली तर वाफेऐवजी पातळ गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. खाचखळग्यांच्या रस्त्यावर ती उभी राहील याची हमी कोण देणार? आणि खरी गोष्ट अशी की व्यापारी टाकी कोणी घेत नाही, घरची लाल टाकी गाडीत चढते. २००० सालच्या आदेशाप्रमाणे घरगुती सिलिंडर असा वापरणे बेकायदा आहे. त्यावर धूर बाहेर सोडणारा बंद हीटरही नसतो, साधी चूल असते आणि तिच्यावर वीट किंवा तवा तापत ठेवलेला असतो. अशी चूल केबिनमधलीच हवा खाते, आणि हवा कमी पडू लागली की तिच्यातूनही तोच विषारी वायू निघतो जो माझ्या ड्रायव्हरच्या शेगडीतून निघाला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा तो रक्ताला दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, झोप येते. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) चौदाशे वर्षांपूर्वी दिली होती. आपण ती पाठ करतो आणि ट्रकमध्ये विसरतो.

म्हणून माझे मत डिझेलच्या बाजूने आहे. ट्रकमध्ये डिझेलची टाकी आहेच, पंप प्रत्येक रस्त्यावर आहे. नीट बसवलेला डिझेल हीटर जळण्यासाठी हवा गाडीच्या खालून घेतो आणि धूरही खालीच सोडतो. केबिनमध्ये फक्त धातूच्या भिंतीपलीकडून तापलेली हवा येते. ज्योत आणि माणूस यांच्यात ही भिंत असणे, हीच मुख्य गोष्ट. गॅसचेही असे बंद हीटर येतात आणि ते वाईट नाहीत. पण टाकीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

डिझेल हीटरला दोष नाहीत असे नाही. रात्रभर पंपाची टिकटिक ऐकू येते. सुरू होताना १२ व्होल्टच्या गाडीत दोन-तीन मिनिटे दहा-एक अँपिअर वीज ओढतो, थकलेली बॅटरी तिथेच हात टेकते. सतत मंद चालवला तर आत काजळी धरते, म्हणून अधूनमधून पूर्ण जोरात चालवावा लागतो. उंचावर हवा विरळ होते, काजळी आणखी वाढते. काश्मीरला जाणाऱ्यांनी उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारा हीटरच घ्यावा, स्वस्त नकलेत बहुधा ती सोय नसते. लडाखसारख्या ठिकाणी तर डिझेलच गोठते. इंडियन ऑइलने २०१९ साली तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल काढले, ते त्याचमुळे. पण आपला माल लडाखला कितीसा जातो?

सर्वात मोठा धोका हीटरचा नाही, बसवणाऱ्याचा आहे. धुराच्या नळीचा सांधा सीटखाली केबिनच्या आत ठेवला, की डिझेल हीटर आणि शेगडी यांत फरक राहिला नाही. नळीचे तोंड ताडपत्रीपासून आणि हवा घेणाऱ्या नळीपासून दूर हवे. बंद करताना बटणानेच बंद करावा आणि पंखा स्वतःहून थांबू द्यावा. बॅटरीची तार ओढून बंद करण्याची आपल्या लोकांची सवय त्याला जाळून टाकते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र मिळते, तेही केबिनमध्ये टांगावे.

एक ट्रान्सपोर्टवाले दोस्त मला म्हणाले, "शेठ, आमचे वडील दोन रजयांवर काश्मीर करून आले." पाली-बालोतऱ्यापुरते मी त्यांचे म्हणणे मान्य करतो. तिथे दोन चांगल्या रजया पुरतात, हीटरचा खर्च उगाच आहे. दिल्लीच्या पुढे, डिसेंबर-जानेवारीत, धुक्यात अडकलेल्या गाडीत त्या पुरत नाहीत, आणि पुरत नाहीत म्हणूनच शेगडी आत येते.

राहिला पैशाचा प्रश्न. हीटर मालकाने बसवावा, हे उघड आहे. पण भाडे ठरवताना शेवटचे दोनशे रुपये तोडून घेणारे आपणच असतो, मग मालक कुठून बसवणार? मी उत्तरेकडच्या मालाच्या भाड्यात या हिवाळ्यासाठी रात्रीचे दीडशे रुपये वेगळे लिहायला सुरुवात केली आहे. अट एवढीच की गाडीत डिझेल हीटर असावा आणि तो माल भरण्यापूर्वी माझ्या माणसाने चालू करून पाहावा. दोन ट्रान्सपोर्टवाल्यांनी होकार दिला. तिसऱ्यांचा जबाब अजून आलेला नाही.