रापीला विमा नाही

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरी चप्पल मिरवली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. बोंबाबोंब झाली. डिसेंबरात कंपनीनं लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाशी करार केला. नाव मिळालं, झकास! पण दोस्तांनो, या चपलेच्या भौगोलिक मानांकनात सातारा आणि सांगलीही आहेत. तिथं घराच्या सोप्यात बसून कातडं कापणाऱ्याचं बोट रापीखाली गेलं तर त्याला काय मिळतं, हे कुणी विचारलं?

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा बघा. अख्खी तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के गेली, अंगठा गेला तर ३० टक्के, असा चोख हिशोब त्यात होता. पण मुळात नुसत्या हातानं माल बनत असेल तर त्या जागेत २० माणसं लागायची. विजेवर काम चालत असेल तर ही अट नव्हती. म्हणजे कायद्याला मोटार दिसली, हात दिसला नाही! आणि हे हातकाम कुणाच्या गळ्यात? चांभार-ढोरांच्या. जातीनंच वाटून दिलंय. ईएसआयला १० माणसं लागतात. इथं बाप कापतो, पोरगा शिवतो, बाई वेणी विणते. कुठून आणायची १० माणसं?

‘मालकानं विमा काढावा’ म्हणणारे शहाणे आहेतच. अरे, मालक कोण? व्यापारी जोडावर मजुरी देतो, अन् बोट तुटलं की म्हणतो, हा माझा कामगारच नाही.

आम्ही गोदीतली माणसं हा डाव ओळखतो. माथाडीलाही रोज नवा मालक होता. सातारा जिल्ह्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडी एकजूट केले, लढा झाला, १९६९ चा कायदा आला. बोर्ड आलं, मालकांवर लेव्ही बसली. बोर्ड मजुरी देतं तिथं भरपाईपुरतं बोर्डच मालक. ‘मालक कोण’ ही सबब संपली.

चपलेलाही तेच पाहिजे. विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून, कंपनीकडून दर जोडामागं लेव्ही घ्या. तिच्यातून कारागिराचा अपघात विमा भरा. वेणी विणणाऱ्या बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली नको, वेगळं लिहा. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. असंघटितांसाठी कामावरच्या दुखापतीची योजना करायचं काम तिनं राज्य सरकारवर टाकलंय. तेव्हा जाब मंत्रालयातच विचारायचा.

मोर्चाला कोल्हापुरी घालूनच या. ती कुणाच्या हातानं शिवली, ते त्यांना दाखवू.