ऑलिव्ह तोडणीचे बॅटरीवरील दाताळे: अनुदान कोणाला, फायदा कोणाला?

22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि ट्रॅक्टर, कापणी-मळणीची यंत्रे यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. बातम्यांत ट्रॅक्टरची किंमत किती उतरली याचीच चर्चा झाली. पण ज्यांची फळबाग दोन-चार बिघ्यांची आहे, त्यांच्या कामाची यंत्रे हातात धरून चालवायची असतात. त्यांचा हिशेब वेगळा आहे. राजस्थानातील ऑलिव्ह बागांसाठी विचारले जाणारे बॅटरीवरचे दाताळे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. यंत्र लहान असले, तरी ते घेताना कर, अनुदान, मजुरी आणि तेलघाणा हे चारही प्रश्न एकदम समोर येतात.

यंत्र कसे असते ते आधी पाहू. दोन-तीन मीटर लांबीची हलकी दांडी असते, बहुतेक वेळा लांब-आखूड करता येणारी. तिच्या टोकाला आपल्या हाताच्या बोटांसारखे दाते असलेले दोन पंजे बसवलेले असतात. बटण दाबले की हे पंजे टाळ्या वाजवल्यासारखे भराभर उघडझाप करतात. काही प्रकारांत पंजे नसतात, नुसते दाते थरथरतात. वीज पाठीवरच्या बॅटरीतून किंवा जमिनीवर ठेवलेल्या 12 व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीतून येते. झाडाखाली जाळी पसरतात, दाताळे फांद्यांमधून फिरवतात आणि फळ जाळीवर पडते. एक जण दाताळे चालवतो, दोघे जाळी ओढतात, फळातला पाला निवडतात आणि क्रेट भरतात. हाताने ओरबाडून किंवा काठीने झोडपून तोडणी करण्यापेक्षा काम कितीतरी पट लवकर होते. शिडीवर चढावे लागत नाही, हा आणखी एक फायदा. फळबागांतले बरेच अपघात शिडीवरून पडूनच होतात.

राजस्थानात हे झाड आले कसे

ऑलिव्हला तिकडे जैतून म्हणतात. 2007 मध्ये राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. राजस्थानचे कृषी पणन मंडळ, पुण्याची फिनोलेक्स प्लासन ही ठिबक सिंचनाची कंपनी आणि इस्रायलची इंडोलिव्ह असे तिचे तीन भागीदार होते. इस्रायलमधून एक लाखाहून अधिक रोपे आणून आधी सरकारी शेतांवर लावली गेली, मग शेतकऱ्यांना दिली गेली. आर्बेक्विना, बार्निया, कोराटिना, कोरोनेकी अशा तेलाच्या जाती निवडल्या गेल्या. बिकानेर, श्रीगंगानगर, हनुमानगड, नागौर, जालोर, झुंझुनू, अलवर या जिल्ह्यांत बागा उभ्या राहिल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेलाचा कारखाना सुरू झाला.

म्हणजे लागवड, ठिबक आणि कारखाना या तिन्हींकडे सरकारने लक्ष दिले. मधला टप्पा, म्हणजे झाडावरचे फळ वेळेत खाली उतरवणे, शेतकऱ्यावर सोपवला गेला. आज खर्च आणि मजुरांची टंचाई नेमकी याच टप्प्यावर जाणवते. ऑलिव्ह पिकवणाऱ्या इतर देशांतही तोडणी हाच सर्वांत खर्चिक भाग मानला जातो.

अनुदान कोणत्या सदरात मागायचे

यंत्रांसाठीची केंद्राची मुख्य योजना म्हणजे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान. 2014-15 मध्ये सुरू झालेली ही योजना आता राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या छत्राखाली चालते. खर्चाचा वाटा केंद्राचा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत तो 90 आणि 10 आहे. योजना सगळीकडे एकच असली तरी अर्ज राज्याच्या पोर्टलवरच करावा लागतो. महाराष्ट्रात तो महाडीबीटीवर होतो, राजस्थानात राज किसान साथीवर. जमिनीसाठी इकडे 7/12 आणि 8अ मागतात, तिकडे जमाबंदीची नक्कल आणि जन आधार. ऑनलाइन अर्ज स्वतः भरता येत नसेल तर राजस्थानात ई-मित्र केंद्रावर जाता येते.

यादीत "ऑलिव्ह" हा शब्द शोधत बसू नका. बागायती यंत्रांच्या गटात फळतोडणी यंत्रे आणि छाटणीची विजेवरची अवजारे असतात. दाताळे तिथे बसते की नाही, हे नावावरून ठरत नाही. त्या विशिष्ट मॉडेलची अधिकृत चाचणी झाली आहे का आणि विक्रेता राज्याच्या यादीत नोंदलेला आहे का, यावर ते ठरते. चाचणी करणाऱ्या केंद्रीय संस्था मध्य प्रदेशात बुदनी, हरियाणात हिसार, आंध्र प्रदेशात अनंतपूर आणि आसाममध्ये विश्वनाथ चाराली येथे आहेत. ऑनलाइन बाजारातून मागवलेल्या स्वस्त परदेशी यंत्राला असा चाचणी अहवाल नसेल, तर ते कितीही चांगले चालले तरी अनुदानाच्या दृष्टीने त्याचा उपयोग नाही. दुकानदाराकडे अहवालाची प्रत मागा. "सबसिडी मिळून जाईल" एवढे त्याने तोंडी सांगून भागत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी, मग पाहणी आणि शेवटी बँक खात्यात रक्कम. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचे बिल असेल तर प्रकरण तिथेच थांबते. फळ पिकायला लागल्यावर धावपळ करून यंत्र आणणारे शेतकरी इथेच अडकतात. पैसेही आधी पूर्ण भरावे लागतात आणि अनुदान नंतर येते. त्यामुळे हातात रोख नसलेल्या शेतकऱ्याला ते कागदावर मिळते, पण यंत्र घेण्याच्या दिवशी त्याचा आधार नसतो. योजनेचा हा जुना दोष आहे आणि लहान यंत्रांच्या बाबतीत तो जास्त टोचतो, कारण एवढ्या रकमेसाठी बँक कर्जाच्या कागदपत्रांत सहसा पडत नाही.

दराचे बोलू. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पभूधारक आणि अत्यल्पभूधारक यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, आणि दोन्हींना राज्याने ठरवलेली कमाल मर्यादा. एक हेक्टरपर्यंत अत्यल्प आणि दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक, ही व्याख्या देशभर सारखी आहे. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा 1.08 हेक्टर होती आणि राजस्थानातील 2.73 हेक्टर. बिकानेरकडच्या वाळूत तीन हेक्टरचा मालक असलेला शेतकरी विदर्भातल्या किंवा कोकणातल्या एक हेक्टरवाल्यापेक्षा सधन असतोच असे नाही, तरी कागदावर तो "इतर" गटात जातो. 40,000 रुपयांचे यंत्र धरले तर 20,000 ऐवजी त्याला 16,000 रुपये मिळतील. जमीन किंवा तिचा काही हिस्सा घरातील महिलेच्या नावावर असेल, तर अर्ज तिच्याच नावाने करा. तो तिचा हक्क आहे आणि दरही चांगला मिळतो.

आता कर. हाताने चालवायच्या साध्या शेती अवजारांवर, म्हणजे कुदळ, विळा, साधे दाताळे यांवर कर नाही. कापणी-तोडणीच्या यंत्रांवर 5 टक्के आहे. पण हातात धरून वापरायच्या, मोटार असलेल्या सर्वसाधारण विजेच्या हत्यारांवर 18 टक्के आहे. विक्रेता यंत्र कोणत्या वर्गात दाखवतो यावर 40,000 च्या यंत्रावर 2,000 रुपये कर लागेल की 7,200, हे ठरते. कोटेशनवर एचएसएन क्रमांक आणि कराचा दर दोन्ही लिहून घ्या. 84.33 ने सुरू होणारा क्रमांक तोडणी यंत्रांचा आहे आणि 84.67 ने सुरू होणारा हातातल्या मोटारीच्या हत्यारांचा. सप्टेंबरची कपात लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचली की नाही, ते या एका ओळीवरून कळते. माझ्या मते बागेसाठीच्या हातयंत्रांबाबत शासनाने याचा स्पष्ट खुलासा करायला हवा.

फळ लवकर उतरले, पण पुढे काय

तोडलेले ऑलिव्ह ढिगात पडले की तापते. शक्यतो 24 तासांत गाळप व्हावे लागते. उशीर झाला की तेलाची आम्लता वाढते. "एक्स्ट्रा व्हर्जिन" म्हणवून घ्यायला मुक्त आम्लता 0.8 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि तेलाचा चढा भाव याच दर्जाला मिळतो. लूणकरणसरपासून दूर असलेल्या जालोरच्या शेतकऱ्याने दाताळ्याने दोन दिवसांचे काम एका दिवसात केले आणि गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली, तर यंत्राने त्याचे नुकसानच केले. म्हणून यंत्र घेण्याआधी गाळपाची तारीख आणि वाहन ठरवणे जास्त महत्त्वाचे आहे. एका गावातल्या बागांनी तोडणीचे दिवस वाटून घेतले तर एक गाडी भरते आणि एकच यंत्र सगळ्यांना पुरते.

यंत्राच्या मर्यादाही माहीत असाव्यात. लोणच्यासाठी अखंड फळ हवे असेल तर हाताने तोडणेच बरे, कारण दात्यांचा मार लागलेल्या फळावर काळे डाग पडतात. ऑलिव्हला फळ मागच्या वर्षी वाढलेल्या कोवळ्या फांद्यांवर येते. दाताळे जोरात, एकाच जागी फिरवले की पानांबरोबर याच फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचे पीक घटते. हे झाड मुळातच एक वर्ष भरभरून आणि एक वर्ष कमी देणारे आहे, त्यात ही भर. ओल्या झाडावर काम टाळावे, कारण जखमांतून फांद्यांवर गाठी आणणारा जिवाणू शिरतो. झाड छाटून आटोपशीर ठेवलेले नसेल, तर लांब दांडीनेही शेंड्याचे फळ हाती लागत नाही. छाटणी नीट नसेल तर आधी तिच्यावर खर्च करावा.

मजुरांचे काय

अनुदानाच्या कागदात जमीनमालक असतो, तोडणीच्या रांगेत मजूर असतात. अनेक ठिकाणी त्यांत बायाच जास्त असतात. यंत्र आल्यावर दहा जणांच्या जागी चौघे लागतात. उरलेल्या चौघांचे काम हलके होते असेही नाही. दोन-तीन किलोची दांडी दिवसभर खांद्याच्या वर धरायची, हाताला सतत कंप आणि डोळ्यांत पाला-काड्या. चष्मा, हातमोजे आणि दर अर्ध्या तासाला माणूस बदलणे ही चैन नाही, कामाचा भाग आहे. मजुरी किलोवर ठरली असेल तर यंत्र आल्यावर मालक किलोचा दर उतरवतो. दर काहीही ठरला तरी राज्याने ठरवलेले किमान वेतन चुकवता येत नाही. हे 1948 च्या किमान वेतन कायद्यात होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे.

यंत्राजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव आहे का ते बँकेत विचारावे. वर्षाला 20 रुपये हप्ता, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे पूर्ण गमावल्यास 2 लाख रुपये आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. खात्यात शिल्लक नसल्यामुळे 20 रुपये कापले गेले नाहीत तर विमा बंद पडतो, म्हणून मे महिन्याअखेर पासबुक पाहा. विमा वर्ष 1 जूनला सुरू होते.

मजुरांनीच यंत्राचे मालक व्हावे, याची वाटही याच उपअभियानात आहे. ती फारशी सांगितली जात नाही. भाडेतत्त्वावर अवजारे देणाऱ्या केंद्रासाठी प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के आणि गावपातळीवरील गटांच्या अवजार बँकेसाठी 80 टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. स्वयंसहायता गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था यांना अर्ज करता येतो. ट्रॅक्टरची बँक चालवायला चालक, डिझेल आणि शेड लागते. चार दाताळी, आठ बॅटऱ्या आणि जाळ्या एका खोलीत मावतात. तोडणीचे आठवडे थोडेच असतात, म्हणून गटाने छाटणीची बॅटरीवरची कात्री आणि फवारणी पंपही त्याच प्रस्तावात घालावेत, म्हणजे वर्षभर भाडे येत राहील. शक्यतो एकाच कंपनीची आणि सर्व अवजारांना चालणारी बॅटरी घ्यावी.

प्रस्तावात दुरुस्तीचे केंद्र किती अंतरावर आहे, बॅटरीची हमी किती महिन्यांची आहे आणि दाते वेगळे विकत मिळतात का, हे लेखी जोडा. दाते झिजतातच आणि मोडतातही, अगदी पहिल्या हंगामात. ते मिळाले नाहीत तर यंत्र खोलीतच पडून राहते आणि गट पुन्हा काठ्या घेऊन बागेत जातो.