भुवई उचलायला आकडा कशाला?

आपल्या इंजिनियर मंडळींची एक जुनी खोड आहे. आत जे असेल तेच जसंच्या तसं पडद्यावर मांडायचं. डेटाबेसमध्ये चाळीस कॉलम, की फॉर्मवर चाळीस रकाने!

गेल्या शनिवारी एका मित्राकडे गेलो होतो. थ्रीडी अ‍ॅनिमेटर आहे. चहा येईपर्यंत लाइट बिलाच्या पाठीवर त्याने माझा कंटाळलेला चेहरा काढला, पाच-सहा रेघांत. मग तोच भाव कॉम्प्युटरवरच्या कॅरेक्टरला द्यायला बसला. भुवईची आतली बाजू, बाहेरची बाजू, पापणी, ओठाचा कोपरा... प्रत्येकाला वेगळा स्लायडर. चहा गार झाला, पण कॅरेक्टर काही कंटाळेना.

या स्लायडरांमागे असतात ब्लेंडशेप्स. म्हणजे चेहऱ्याचे तयार आकार, प्रमाणात मिसळायचे. अ‍ॅपलच्या एआरकिटमध्ये असे 52 आकडे आहेत, प्रत्येक 0 ते 1. गणिताला फार सोयीचं. पण चित्रकाराच्या डोक्यात भुवई 0.37 नसते हो, ती रेघ असते.

मग रेघच घ्या ना! 2006 साली ब्राउन विद्यापीठाच्या एडविन चँग आणि चॅडविक जेनकिन्स यांनी हेच केलं. एक रेघ भुवई आत्ता आहे तिथे काढा, दुसरी हवी आहे तिथे. मधली आकडेमोड कॉम्प्युटर करेल. 2014 च्या 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन 2' साठी ड्रीमवर्क्सच्या अ‍ॅनिमेटर्सनी 'प्रेमो'मध्ये थेट पडद्यावर पेन टेकवून पात्रं हलवली.

यावर ठरलेला आक्षेप असा, की सपाट रेघेतून खोली कळत नाही. ओठ पुढे आलेत की नुसते आक्रसलेत? मान्य. पण खऱ्या चेहऱ्यांचे नमुने अभ्यासून त्यातल्या त्यात शक्य भाव निवडता येतो. अवघड आहे, पण आपण पगार कशाचा घेतो? आपलं अवघड काम वापरणाऱ्याच्या माथी का मारायचं?

स्लायडर फेकून द्या असं मी म्हणत नाही. शेवटचा हात फिरवायला, तोच भाव पुन्हा आणायला ते लागतातच. फक्त त्यांना मागच्या खोलीत बसवा.

निघताना मित्र सहज म्हणाला, "हल्ली मी भाव तेच देतो, जे स्लायडरवर पटकन जमतात." हे मात्र मला लागलं. पाच रेघांत माणूस पकडणारा हात आपल्या सोयीपायी आखडतोय.

असो. चाळीस रकान्यांचा तो फॉर्म माझाच आहे. सोमवारी आधी तो उघडणार.