दहाही कुमारी झोपल्या होत्या

‘आमचा मुलगा रात्र रात्र जागून अभ्यास करतो’ हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत अजूनही अभिमानाने उच्चारले जाते. रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात चार पालक एकत्र आले, की एकाच्या मुलाचे जागरण दुसऱ्याच्या मुलाच्या जागरणाशी तोलले जाते. ते मूल वसतिशाळेत असेल तर अभिमानाला निश्चिंततेचीही जोड मिळते. तिकडे शिस्त आहे, मुले पहाटे तीनपर्यंत वह्या पुऱ्या करीत बसतात, असे ठाणे-डोंबिवलीचे पालक सांगतात. शिस्त असती तर पहाटे तीनला वही अपुरी का राहिली असती, हा साधा प्रश्न त्या घोळक्यात कोणी विचारीत नाही. तो विचारण्यासाठीच हा लेख आहे.

त्या रात्री नेमके काय चालते, हे एकदा उघडपणे सांगितले पाहिजे. सत्र संपत आलेले असते. प्रयोगवही, प्रकल्पवही, भूगोलाचे नकाशे, निबंधांची वही, सारे एकाच आठवड्यात द्यावयाचे असते. वर्गातल्या एखाद्या नेटक्या मुलाची वही शयनगृहात खाटेवरून खाटेवर फिरते आणि सात-आठ जण ती उतरवून घेतात. जो लंबक कधी हललाच नाही, त्याच्या आंदोलनांची निरीक्षणे लिहिली जातात. मागच्या तारखा घातल्या जातात. दिवे मालवल्यावर कोणी चादरीखाली टॉर्च धरतो, कोणी न्हाणीघराच्या दिव्याखाली बसतो. सकाळी वही मास्तरांच्या टेबलावर आणि मुलगा बाकावर झोपलेला! याला अभ्यास म्हणावयाचे? ही नकलनविसी आहे. आणि स्पष्टच बोलायचे तर आपण वडीलधाऱ्यांनी चालवून घेतलेली लहानशी लबाडी आहे.

अशा वह्यांना गुण मात्र मिळतात. मार्च 2019 च्या शालान्त परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण काढून टाकले गेले. आदल्या वर्षी 89.41 टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, हे मान्य. परंतु आरडाओरडा झाला तो त्या वीस गुणांसाठीच. ते परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. पालक, शाळा, शासन सारे समाधानी झाले. शाळेने हाती दिलेल्या गुणांनी निकाल इतका हलत असेल, तर त्या वह्यांत मुलाचे स्वतःचे किती असते, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

जागरणाच्या समर्थनार्थ आपल्याकडे हमखास दहा कुमारींचा दाखला दिला जातो. जागे राहा, असा उपदेश त्या दाखल्याच्या शेवटी आहे खरा. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय जरा सावकाश वाचावा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही कुमारी झोपल्या होत्या. शहाण्याही झोपल्या आणि मूर्खही झोपल्या. झोपेबद्दल कोणालाच दोष दिलेला नाही. शहाण्यांनी तेल आधीच भरून घेतले होते, म्हणून त्यांना ती झोप परवडली. मध्यरात्री दुकानाकडे धावल्या त्या मूर्ख कुमारी. डोंबिवलीत रात्री साडेदहाला, स्टेशनरीच्या दुकानाचे शटर अर्धे खाली आलेले असताना, वाकून कार्ट्रिज पेपर मागणारा बाप पाहिला की मला त्या कुमारीच आठवतात. (त्या दाखल्यात दुकान उघडे मिळाले की नाही, याचा उल्लेख नाही.)

कोणी म्हणेल, थोर माणसे रात्रीच शिकली. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण लगेच पुढे केले जाते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वडील मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत, कारण शांतता तेवढीच मिळे. आधी झोप, मग अभ्यास. आणि उठवायला वडील स्वतः जागे! जागेअभावी आखलेल्या त्या वेळेची तुलना पंधरा दिवस टाळलेल्या प्रयोगवहीशी करणे हा त्या पितापुत्रांवर अन्याय आहे.

वसतिशाळा हे खरे तर चालढकलीवरचे औषध होते. संत इग्नेशियस यांनी येशूसंघाच्या घटनेत झोपेचेदेखील मोजमाप घातले आहे, सहा ते सात तास; आणि तेही प्रौढ साधकांसाठी. वाढत्या वयाच्या मुलांना तर आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले त्या झोपेतच मनात पक्के होते. संत जॉन बॉस्को यांनी 1877 मध्ये आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती शब्दबद्ध केली. मुलाने चूक केल्यावर शिक्षा करण्यापेक्षा चूक घडण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्याजवळ असावे, हे तिचे सार. आणि अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी तरी वेगळे काय केले? ते मुलांत राहिले, त्यांच्या खोल्या झाडल्या, त्यांच्यासाठी स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहिले. त्या दैनिकाला नेमून दिलेली अंतिम तारीख नव्हती. ते रोजचे रोज निघे.

आता अनेक ठिकाणी घंटा उरली आहे, कुलूप उरले आहे. अभ्यासिकेतली मोठ्या माणसाची खुर्ची तेवढी रिकामी आहे. मूल आळसापायीच चालढकल करते, हा आपला लाडका समज. पुष्कळदा ते घाबरलेले असते. गणित कळलेले नसते, विचारावे तर हसे होईल. म्हणून वही उद्यावर जाते. संत एक्सपेडिटस यांच्या चित्रात पायाखाली एक कावळा दाखवतात, तो ‘क्रास, क्रास’ ओरडतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘उद्या’. हे संत खरोखर होऊन गेले की नाही, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. कावळ्याविषयी मात्र शंका नसावी. तो चिरडायला शेजारी कोणीतरी बसलेले लागते. सातवी-आठवीच्या मुलाने तो एकट्याने चिरडावा, अशी अपेक्षा धरणारे आपण स्वतः चर्चच्या सणाची कमान आदल्या रात्री बांधतो!

पालकांची अडचण मला ठाऊक आहे. सकाळची लोकल, रात्री नऊला घरी, मग स्वयंपाक. घरी मुलाजवळ बसायला कोणी नाही, म्हणूनच त्याला पाचगणीला किंवा देवळालीला धाडले जाते. मग तिथेही त्याच्याजवळ कोणी बसत नसेल, तर फी कशाची भरली? शिक्षकांनाही सांगणे आहे: दीड महिन्याचे काम एका तारखेला मागू नका. दर आठवड्याला चार पाने पाहा, आणि रात्री नऊला भ्रमणध्वनीवर उद्याचा गृहपाठ पाठवू नका. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असे शासनाने 2024 मध्ये लहानग्यांच्या झोपेसाठी सांगितले. पाचवीपासून पुढच्यांना झोप लागत नाही काय?

प्रवेश घेताना आपण मेसमध्ये मटण किती वेळा मिळते ते विचारतो, गरम पाण्याची सोय पाहतो, मैदान पाहतो, निकालाची टक्केवारी तर आधीच पाठ असते. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिकेत मुलांबरोबर कोण बसते आणि दिवे किती वाजता खरोखर मालवतात, हे विचारलेले माझ्या तरी ऐकिवात नाही. जूनपूर्वी कोणीतरी विचारून पाहावे.