गोळी स्वस्त झाली, तपासणीचं काय?

रक्त पातळ ठेवण्याची गोळी आपल्या वस्तीत बऱ्याच घरांत चालू आहे. कुणाचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, कुणाच्या पायात गुठळी झाली होती, कुणाचे ठोके अनियमित पडतात. व्हॉल्व्ह खराब होण्याचं मूळ पुष्कळदा लहानपणी घसा दुखून आलेल्या आणि सांधे सुजवणाऱ्या तापात असतं. दाटीवाटीच्या घरांत हा आजार जास्त होतो. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

मी वॉर्डात नर्स होते तेव्हाची गोष्ट. पस्तिशीची एक बाई, चार घरची धुणीभांडी करायची. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला. अॅसिनोकुमेरॉल ४ मिलिग्रॅमची एक गोळी रोज चालू. एकदा औषधाच्या खिडकीवर ती गोळी नव्हती. स्वस्त पडतं म्हणून वॉरफेरिन मागवलं होतं. ‘तेच काम करते, एकच घ्या,’ असं सांगून २ मिलिग्रॅमची गोळी तिच्या हातात दिली. रक्ताची तपासणी करा, असं कुणी म्हणालं नाही. महिन्याच्या आत तिला अर्धांगवायू होऊन परत आणलं. धुणं पिळणारा उजवा हात गेला.

दोन्ही औषधं एकाच जातीची आहेत, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळत नाहीत. वॉरफेरिन साधारण दुप्पट लागतं. तिला मिळालं निम्मं.

स्वस्त औषधाला माझा विरोध नाही. वॉरफेरिन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते चांगलं औषध आहे. महाग तेच चांगलं, असंही नाही. २०२२ साली इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या तापानं हृदय बिघडलेले आणि ठोके अनियमित असलेले चार हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते, भारतातलेही. रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. आता या नव्या गोळ्याही स्वस्त होऊ लागल्यात. ‘हिला तपासणी लागत नाही’ म्हणून कुणी सुचवेल. पण धातूचा व्हॉल्व्ह असेल तर त्या चालत नाहीत. इतरांनाही किडनीची तपासणी करूनच द्यायच्या असतात.

माझा आक्षेप आहे तो अर्धवट हिशोबाला. गोळीचे पैसे वाचले हे कागदावर दिसतं. बदलानंतर करायची आयएनआर तपासणी, जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली रोजी त्या कागदावर नसते. ती आपल्या खिशातून जाते. तपासणी टाळली तर हातपाय जातात, जीवही जातो. गोळी बदलायची तर तपासणीची तारीख त्याच वेळी लिहून द्या आणि ती तपासणी मोफत करा. डॉक्टरच्या सहीशिवाय खिडकीवर औषध बदलू नका. एवढंच मागणं आहे.

तोवर आपण काय करायचं?

जुनी पट्टी फेकू नका, सोबत न्या. कंपनीचं नाव नको, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. वाचता येत नसेल तर मुलांना वाचायला लावा. दोन्ही तेच असेल आणि फक्त कंपनी बदलली असेल तर गोळी घ्या, पण आयएनआर लवकर करून घ्या. औषधाचं नाव वेगळं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. घाबरून गोळी बंद मात्र करू नका. धातूच्या व्हॉल्व्हला ते सर्वांत घातक.

अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका. पाळी चुकली तर लगेच डॉक्टरला सांगा, यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. काळी शी, लघवीत रक्त, डोक्याला मार, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, अचानक धाप लागणं, यातलं काही झालं तर १०८ला फोन करा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल, तर पुढच्या तपासण्या आणि औषधं त्यात बसतात का, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

एकट्या बाईला खिडकीवरून हाकलता येतं. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा ही गोळी घेणाऱ्या सगळ्यांची नावं एका वहीत लिहा आणि अर्ज सगळ्यांच्या सहीनं द्या. पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम.