पात्रतेचा उंबरठा

२०२५ सालच्या २७ ऑगस्टला, ऐन गणेशचतुर्थीच्या दिवशी, अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील वाढीव जकात पन्नास टक्क्यांवर नेली. पनवेल-रोहे लोहमार्गावरील जिते आणि शेजारच्या हमरापूर-जोहे परिसरातील मूर्ती दरवर्षी सातासमुद्रापार जातात. त्या सणाच्या कितीतरी आधीच रवाना होत असल्याने त्या दिवशी येथील कोणाचे काम लगेच गेले नसेल. परंतु त्या घटनेने एक प्रश्न उघडा पाडला. परदेशाच्या एका फर्मानाने, किंवा स्वस्त परदेशी मालाच्या लोंढ्याने, ज्याच्या हातचे काम जाते त्या कामगाराला सरकारी साह्य मागण्याचा काय अधिकार आहे?

आपल्याकडे साह्य मुळीच नाही असे नव्हे. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना पहिल्या वर्षी निम्मे व दुसऱ्या वर्षी पाव वेतन देते. २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून नव्वद दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. तोही आयुष्यात एकदाच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपात झालेल्या कामगाराच्या नावे पंधरा दिवसांचे वेतन जमा करण्याचे बंधन मालकावर घातले आहे. पण या पहिल्या दोन्ही दारांची किल्ली एकच, आणि ती म्हणजे राज्य विमा महामंडळाच्या वहीतील नाव. हा विमा सामान्यतः दहा वा अधिक माणसे राबणाऱ्या ठिकाणी लागू होतो. घराच्या पडवीत पाच-सहा जणांनी चालविलेली मूर्तिशाळा त्याच्या कक्षेबाहेर राहते. आणि कंत्राटदाराने ज्याची वर्गणी भरलीच नाही, तो मजूर मोठ्या कारखान्यात राबूनही बाहेरच राहतो. काम गेल्याचे दुःख दोघांचे सारखेच. पात्रता मात्र एकाचीच!

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. परदेशी माल कवडीमोलाने ओतला जात असल्याची तक्रार आली, तर केंद्र सरकार १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यान्वये चौकशी करते. देशी उद्योगाला हानी झाली किंवा कसे, हे ठरविताना रोजगार व वेतन यांवरील परिणामही तपासला जातो. हानी सिद्ध झाली की मालावर प्रतिबंधक कर बसतो. मालकाला संरक्षण व सरकारला महसूल मिळतो. ज्याच्या बेकारीचा आकडा त्या चौकशीत पुरावा म्हणून मांडला गेला, त्या कामगाराच्या पदरी मात्र त्या निर्णयाने काहीच पडत नाही.

अमेरिकेने १९६२ मध्येच परदेशी व्यापारामुळे बेकार झालेल्यांसाठी स्वतंत्र साह्य सुरू केले. पण १ जुलै २०२२ पासून तेथेही नव्या अर्जांचा निर्णय थांबला. मुदतीच्या कायद्यावर विसंबलेला हक्क किती ठिसूळ असतो, याचा हा धडा आहे. आपल्याकडेही १९८६ मध्ये बंद गिरण्यांतील कामगारांसाठी तीन वर्षे अनुक्रमे पाऊण, निम्मे व पाव वेतन देणारा निधी निघाला होता. म्हणजे एका उद्योगापुरते का होईना, हे तत्त्व सरकारने पूर्वीच मान्य केले आहे.

म्हणून आमची सूचना अशी: ज्या धंद्याची हानी चौकशीत सिद्ध होईल, त्यातील काम गमावलेला प्रत्येक कामगार आपोआप पात्र मानावा आणि प्रतिबंधक कराच्या उत्पन्नातील ठराविक वाटा त्याच्यासाठी राखून ठेवावा. विम्याच्या वहीत नाव नसेल तेथे २०२१ पासूनची ई-श्रम नोंद व ग्रामपंचायतीचा दाखला ग्राह्य धरावा. खोटे दावे येतील, ही भीती अनाठायी नाही. पण त्यासाठी तपासणी कडक करावी, दारच लावून घेऊ नये. व्यापाराचे करार दिल्लीत होतात, त्यांचा लाभ साऱ्या देशाला होतो; त्यांची किंमत तेवढी जित्याच्या मजुराने एकट्याने मोजावी, हा न्याय नव्हे.